मागच्या पडवीची फरशी

७ जानेवारी, सोमवार

सकाळी पेन्शन कचेरीत हयातीचा दाखला दिला. तासभर रांग. दुपारी जेवून पडलो. चारनंतर उत्तरेचा वारा सुटला आणि तिरका पाऊस मागच्या पडवीत आला. पाणी नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या दारापाशी साचलं. फडक्याने टिपून बादलीत पिळलं. दोन बादल्या निघाल्या.

मी भूमापक होतो. नोकरीतल्या कोऱ्या मोजणी-वह्या अजून सहा उरल्या आहेत. त्यातली ही एक आज काढली. एल्सी गेल्यापासून दिवसभरात फारसं बोलणं होत नाही.

निदियाने घेवडा आणि डुकराच्या मटणाचं पातेलं आणून दिलं. सोमवारी या गावात दुसरं काही शिजत नाही. निदिया म्हणजे एल्सीची थोरली बहीण. तिचं घर आमच्या पाठीला लागून. मध्ये रचलेल्या दगडांचा गडगा आहे, आणि त्यात दोघी बहिणींनी तीस वर्षं ये-जा करून पाडलेली वाट. ती वाट थेट आमच्या पडवीत येते. पण एल्सी गेल्यापासून निदिया तिथून आलेली नाही. हातात गरम पातेलं घेऊन अख्ख्या गल्लीला वळसा घालते आणि पुढचं दार वाजवते.

"आत ये," म्हटलं.

"नको भावोजी, कोंबड्या मोकळ्या सोडून आलेय."

वर्षभर तिच्या कोंबड्या मोकळ्याच आहेत.

२ मार्चला एल्सीला वर्ष होईल. वर्षाची प्रार्थना पडवीतच करावी लागेल, घरात चाळीस माणसं मावत नाहीत. आणि जपमाळ सांगणार निदिया. या भागातल्या सगळ्या गेलेल्यांची तीच सांगते. ती पडवीत पाऊलच टाकणार नसेल तर सख्ख्या बहिणीची प्रार्थना कोण सांगणार?

ती का येत नाही ते मला ठाऊक आहे. ही गुळगुळीत फरशी मी घातली आणि तिच्यावरून घसरून एल्सी पडली. निदिया तोंडाने काही म्हणत नाही. तिला ही फरशी बघवत नसणार. मलाही बघवत नाही.

फरशी बदलायची. २ मार्चच्या आत.

९ जानेवारी, बुधवार

रुसेल मिस्त्री येऊन पडवी बघून गेला. सात मीटर बाय साडेचार. वर स्लॅब, तीन बाजू उघड्या, पूर्वेच्या टोकाला धुण्याचा ओटा. त्याने मधोमध तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी जागचं हललं नाही.

"काय सपाट केलीय हो! पाण्यालाच कळेना कुठे जायचं ते. कोणी घातली?"

"मी उभं राहून घालून घेतली."

"पाणसळ लावून?"

"हो."

"मग बरोबर आहे, इंजिनियर साहेब. आमच्यासारख्या अडाण्याने घातली असती तर चुकून उतार पडला असता."

तो हसला. मीही हसल्यासारखं केलं. त्याला एल्सीचं माहीत नव्हतं, तो दुसऱ्या गावचा आहे. नंतर त्याने भिंतीवरचा फोटो आणि समोरची मेणबत्ती पाहिली, विचारलं, मी सांगितलं. मग बराच वेळ त्याने टोपी हातात धरली.

नऊ वर्षांपूर्वी ही चकचकीत फरशी घातली तेव्हा मी तिच्यावर गोटी ठेवून दाखवली होती. गोटी घरंगळली नाही. शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं होतं. एल्सी म्हणाली, "अहो, पावसाचं काय?" मी म्हणालो, पुसता येतं.

तिला नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या हव्या होत्या, तिच्या आईच्या घरी होत्या तशा, हिरव्या. मी त्यांना जुनाट म्हणालो.

११ जानेवारी, शुक्रवार

मेरिदा शहरात गेलो. तीन दुकानं झाली. पहिल्यात खरखरीत फरशी, तिला रेल्वे फलाटाचा रंग. दुसऱ्यात लाकडासारखी दिसणारी. तिसरं दोन्या कार्मितांचं, म्हणजे कार्मिताबाईंचं, रेल्वे यार्डाच्या मागे. पुढे टेबल आणि मागे कारखाना. नक्षीच्या लाद्या अजून हाताने पाडतात. पितळी साच्यात रंग ओततात, वर सिमेंट, मग दाबयंत्राचा दांडा ओढतात. भट्टी नाही. नुसत्या पाण्यात आणि सावलीत महिनाभर मुरतात.

बाई सत्तरीच्या पुढच्या. मी लाद्यांवरून हात फिरवत होतो तर म्हणाल्या, "हाताने काय बघताय? चालणार पायाने ना? बूट काढा."

मी बूट काढले. मोज्याला भोक होतं. त्यांनी पाहिलं आणि बोलल्या नाहीत, हे त्यांचं मी चांगलं मानतो. लादी पायाला गार आणि किंचित धरून ठेवणारी लागली. त्यांनी वर पाणी ओतलं, मी पुन्हा उभा राहिलो. घसरत नव्हती.

तीन नमुने घेऊन आलो.

१३ जानेवारी, रविवार

एल्सी पडली त्याला आज वर्ष झालं. तो शनिवार होता. मी केस कापायला गेलो होतो, परत आलो तर ती ओट्यापाशी पडलेली, एक पाय वेडावाकडा, आणि निदिया तिचं डोकं मांडीवर घेऊन. खुबा मोडला होता. इस्पितळात तिने मला सांगितलं, "माझ्याच हातून पाणी सांडलं." दोनदा सांगितलं. ऑपरेशन झालं, मग पडून राहून छातीत कफ भरला, आणि मार्चच्या दोन तारखेला ती गेली. तिच्या हातून पाणी सांडलं असेल. पण ते पाणी धरून ठेवलं माझ्या फरशीने.

अकराच्या सुमारास निदिया पुढच्या दाराशी आली. चर्चमधून परत येताना, डोक्यावर जाळीची ओढणी तशीच.

"भावोजी, त्या दिवसाचं एक सांगायचं होतं."

मला त्या दिवसाबद्दल ऐकायचं नव्हतं. तिच्या तोंडून तर नाहीच. तीच एक माणूस आहे जी मला स्पष्ट दोष देऊ शकते, आणि आज तिने तो दिला असता तर मी उभा राहू शकलो नसतो. म्हणून म्हटलं, "जाऊ दे, उकरून काय होणार. हे नमुने बघ." आणि तिन्ही लाद्या खुर्चीवर मांडल्या.

तिने त्या पाहिल्या. हिरवीवर जरा जास्त वेळ.

"ही आईच्या घरातली."

"तशीच. एल्सीला हवी होती."

"एल्सीला आता कुठे चालायचंय, भावोजी. साधा कोबा करा. खरखरीत. जे चालणार आहेत त्यांचे पाय बघा."

मला राग आला. एल्सीची इच्छा मी एकदा मोडली होती, तीच पुन्हा मोडायला ही सांगते. मी लाद्या गोळा केल्या. ती गेली.

१६ जानेवारी, बुधवार

लिखियाचा फोन. ती कानकूनला एका हॉटेलात स्वागतकक्षात असते, आमची एकुलती एक मुलगी.

"पप्पा, आमच्या पोहण्याच्या तलावाभोवती लाकडासारखी फरशी आहे, घसरत नाही, तीच घाला ना."

"तुझ्या आईला नक्षीची हवी होती."

"मग नऊ वर्षांपूर्वी घालायची होती." जरा थांबून, "सॉरी, पप्पा."

"बरोबर आहे तुझं."

"मावशी काय म्हणते?"

"कोबा करा म्हणते. अजूनही पडवीत येत नाही. माझ्यावर राग आहे तिचा."

"तुमच्यावर?" लिखिया म्हणाली. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकदा नीट बसून बोला, पप्पा. खरंच बोला."

मी बोलेन म्हणालो. तिची कामावर जायची वेळ झाली होती.

२२ जानेवारी, मंगळवार

हिरव्या लाद्यांची मागणी नोंदवली. नशीब असं की दोन्या कार्मितांकडे कुणीतरी करायला सांगून मग न नेलेल्या अडतीस चौरस मीटर लाद्या पडून होत्या, दोन महिने मुरलेल्या. हिरवा आणि राखाडी, कडेला वेल. नवीन करायच्या म्हटलं असतं तर मार्च गाठता आला नसता.

बाईंनी बजावलं ते लिहून ठेवतो:

"बसवल्यावर महिनाभर नुसतं पाणी. साबण नाही, ब्लीच नाही. आणि ॲसिड तर स्वप्नातसुद्धा नाही. सगळ्या बायकांना खोड असते, मिस्त्री गेला की सांध्यातलं सिमेंट काढायला ॲसिडची बाटली आणायची. दुसऱ्या फरशीला चालतं. हिची कातडी निघते. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

"घरात मी एकटाच आहे," म्हटलं.

"मग तुम्ही स्वतःला सांगा."

लिहिलं.

२९ जानेवारी, मंगळवार

रुसेलने कालपासून फोडायला घेतलं. आज दुपारपर्यंत चकचकीत फरशी सगळी निघाली. खालचा थर फोडताना जुना कोबा लागला, एल्सीच्या वडिलांनी घातलेला, लाल. हे घर त्यांनीच आम्हाला बांधून दिलेलं. रुसेलने त्यावर दोरी धरली आणि मला बोलावलं.

"बघा. बागेकडे पाच सेंटिमीटर उतार. म्हाताऱ्याने नुसत्या डोळ्याने काढलाय."

मी माझी पाणसळ लावून पाहिली. पाच सेंटिमीटर होता. दारापासून बागेपर्यंत, कुठेही खड्डा नाही. नऊ वर्षांपूर्वी मी त्यावर सिमेंट ओतून तो भरून काढला होता. तेव्हा मला तो उतार दिसला नव्हता असं नाही. दिसला होता. मला वाटलं होतं, अडाणी माणसाचं काम, वाकडं झालंय.

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनींचे उतार मोजले. पाणी कुठे जाईल ते नकाशावर बाणाने दाखवायचो.

रुसेलला म्हटलं, हाच उतार ठेव.

९ फेब्रुवारी, शनिवार

काम संपलं. लाद्या बसवायला सहा दिवस लागले. वेलीचे कोपरे जुळवताना रुसेलने शिव्या दिल्या, वेलीला, कार्मिताबाईंना, आणि त्याच्या साडूला, जो काल आलाच नाही. ("सासुरवाडीचा माणूस कामावर घ्यायचा नाही, इंजिनियर साहेब. काढून टाकता येत नाही आणि बायकोला सांगताही येत नाही.") शेवटची लादी त्याने मला बसवायला लावली. मी बसवली. त्याने लाकडी हातोडीने दोनदा ठोकून सरळ केली.

बादलीभर पाणी ओतलं. पाणी बागेकडे गेलं. आम्ही दोघे बघत उभे राहिलो.

नंतर एकटा असताना अनवाणी चाललो, दारापासून ओट्यापर्यंत. अकरा पावलं.

११ फेब्रुवारी, सोमवार

निदियाने पातेलं आणलं. मी म्हटलं, "फरशी झाली. ये, बघ." ती घरातून स्वयंपाकघरापर्यंत आली, हेही वर्षभरात पहिल्यांदा. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. उंबरठा ओलांडला नाही.

"वेल आईच्या घरच्यासारखीच आहे," म्हणाली.

"पाय ठेवून बघ. घसरत नाही."

"वाळू दे अजून." मग वाकून बघत, "किती पांढुरकी दिसतेय. सिमेंट बसलंय वर. प्रार्थनेला लोक येतील, तोवर उजळायला पाहिजे."

"उजळेल," मी म्हटलं.

एवढंच बोललो. मला वाईट वाटलं होतं. एवढं करूनही ती उंबरठा ओलांडत नाही. मग माझा गुन्हा फरशी बदलून भागण्यातला नाही, असं मनात आलं.

जाताना ती म्हणाली, "भावोजी, त्या सकाळी..." आणि मी म्हटलं, "कोंबड्या मोकळ्या असतील तुझ्या." का म्हटलं ते कळत नाही. चिडवायला म्हणून नव्हे.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळच्या बसने मेरिदा. डोळ्यांचा डॉक्टर. दोन्या कार्मितांकडून मेणाचा डबा घेतला, महिना झाल्यावर लावायचा. चारला घरी.

पडवीतून उग्र वास. निदिया गुडघ्यांवर, हातात काथ्याचा ब्रश, बाजूला ॲसिडची बाटली, नाकावर फडकं बांधलेलं. अर्ध्याहून जास्त पडवी घासून झाली होती. हिरवा रंग राखेसारखा झाला होता. लाद्यांवरचं गुळगुळीत तेज गेलं, खालची वाळू वर आली.

मी ओरडलो. "फरशीला हात लावायला कोणी सांगितलं तुला? या घरातली फरशी यापुढे तू पुसायची नाही!"

तिने ब्रश बाटलीशेजारी ठेवला, अगदी सरळ. नाकावरचं फडकं काढलं. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "बरोबर आहे, भावोजी."

आणि गेली. रबरी नळीने तासभर पाणी मारलं. जे गेलं ते गेलं.

२० फेब्रुवारी, बुधवार

काल लिहिलेलं वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. ती पडवीत होती. वर्षभरानंतर ती पडवीत आली होती. ज्यासाठी मी हे सगळं केलं, ते काल झालं होतं, आणि मी तिला हाकलून दिलं. जाताना ती गडग्यातल्या वाटेने गेली, हेही मी पाहिलं आणि मला दिसलं नाही.

साठीपुढची बाई, तिचे गुडघे धड नाहीत. माझ्या पाठीमागे येऊन सगळी पडवी घासायला बसली, मी परत येईपर्यंत उजळून ठेवायची म्हणून.

आणि ॲसिडचं मी तिला सांगितलंच नव्हतं. वहीत लिहिलं होतं. २२ जानेवारी, अक्षर नीट आहे. ती चौकटीत उभी राहून "उजळायला पाहिजे" म्हणाली तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, महिनाभर नुसतं पाणी. मी "उजळेल" म्हणालो.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो, गडग्यातून. दार बंद. आत दिवा होता. दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवायला पाहिजे होतं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

रुसेल बघून गेला. बसून हात फिरवला, बोट चाटून पाहिलं, थुंकला.

"कोणी केलं?"

"मी," म्हणालो.

"तुम्ही? वहीत लिहून घेणारा माणूस?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. "मशीन आणून वरचा थर घासून काढता येईल. रंग थोडा परत येईल, सगळा नाही. पण आठवडाभर धूळ, प्रार्थनेआधी होणार नाही."

राहू दे म्हटलं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

पातेलं आलं नाही. एक वाजेपर्यंत वाट पाहिली, मग अंडी केली.

तीन वाजता पुढचं दार वाजलं. निदिया नव्हती, दोन्या एल्मी होत्या, चर्चच्या मंडळातल्या. निदिया शनिवारी मुलाकडे कांपेचेला गेली. जपमाळ एल्मी सांगणार आहेत, तसं निदिया त्यांना सांगून गेली आहे. तामालेंची, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या वड्यांची, ऑर्डर तिने दिली आहे, खुर्च्या चर्चमधून येतील, प्यायच्या गरम चॉकलेटसाठी मोठं भांडं एल्मींच्या भाचीकडून. सगळं एका कागदावर. शेवटची ओळ: 'मधली मेणबत्ती भावोजींच्या हातून लावून घ्या, ते विसरतात.'

"कधी येणार म्हणाली?"

"ते नाही सांगितलं. पण कोंबड्या मला देऊन गेली. सगळ्या." एल्मींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काही झालं का?"

"नाही," म्हणालो.

कांपेचेला फोन केला. मुलाने उचलला. आई आंघोळीला गेलीय म्हणाला. संध्याकाळी केला तर आई झोपलीय. ती सात वाजता कधी झोपत नाही.

२ मार्च, शनिवार

प्रार्थना झाली. साडेचारला सुरू, सहाला संपली. छत्तीस माणसं. कार्निव्हलचा शनिवार, त्यामुळे चौकातले ढोल आणि कर्णे पूर्ण वेळ ऐकू येत होते. जपमाळेच्या पाचव्या दशकाला, शेवटच्या दहा मण्यांना, तर 'पवित्र मरिये' आणि बाहेरचा नाच एकाच ठेक्यात चालले होते. एल्मी तरीही थांबल्या नाहीत. निदिया असती तर तिने कुणाला तरी पाठवून ढोल थांबवले असते.

मधली मेणबत्ती मी लावली.

फरशीचं कुणी काही म्हणालं नाही. बायका चपला काढून अनवाणी उभ्या होत्या. चॉकलेट वाटताना थोडं सांडलं, आणि एक म्हातारी त्यावरून सरळ चालत गेली. "पाय छान बसतो हो इथे," मला म्हणाली. ॲसिडने खरखरीत झालेल्या बाजूला. जवळजवळ कोब्यासारखं.

सगळे गेल्यावर लिखिया कप गोळा करत होती. मी तिला सांगितलं. ॲसिड, मी काय ओरडलो ते, शब्द न शब्द. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"असं म्हणालात? 'यापुढे तू पुसायची नाही'?"

"हो."

"पप्पा, त्या दिवशी पडवी मावशीने पुसली होती."

मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

"आईचे गुडघे दुखत होते. मावशी शनिवारी येऊन पुसून द्यायची, तुम्ही बाहेर गेलात की. तुम्हाला आवडायचं नाही ना, बायकोच्या बहिणीने घरातलं काम केलेलं. साबण लावून झाला होता, वरून पाणी मारायचं राहिलं होतं. मावशीचा फोन वाजला, ती घरी गेली. तेवढ्यात आई कपडे घेऊन ओट्याकडे निघाली."

"ती मला म्हणाली, माझ्याच हातून पाणी सांडलं."

"मलाही आधी तेच म्हणाली. मग खरं सांगितलं आणि शपथ घातली, पप्पांना कळता कामा नये. तुम्ही आयुष्यभर मावशीचं तोंड बघणार नाही असं आईला वाटायचं." ती रडत होती. "मावशी मला म्हणायची, मी स्वतः सांगते त्यांना. मी दर वेळी विचारायचे, सांगितलंस? म्हणायची, ते बोलूच देत नाहीत."

ते बोलूच देत नाहीत. तीन वेळा ती दाराशी येऊन बोलायला लागली होती असं मला आठवतं. वहीत दोन सापडल्या. तिसरी वही सुरू करण्याआधीची असावी, किंवा मी ती लिहिली नाही.

वर्षभर मला वाटत होतं ती माझ्याकडे बघत नाही. मग मी तरी कुठे बघत होतो?

एल्सीची भीती खोटी होती असं मी म्हणू शकत नाही. मला हे त्याच दिवशी कळलं असतं तर मी निदियाला काय बोललो असतो, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही. एल्सीने मला बरोबर ओळखलं होतं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला फार गोष्टी सांगितल्या नसतील, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

उतार मी भरला, साबण निदियाने लावला. दोघांपैकी कुणाचं जास्त, हे मोजायचं कसं ते मला येत नाही.

३ मार्च, रविवार

लिखिया दहाच्या बसने परत गेली. जाताना म्हणाली, फोन करा. मी म्हटलं, फोन ती उचलत नाही.

तिला बसवून तिथेच रांगेत उभा राहिलो. कार्निव्हलमुळे कांपेचेच्या गाड्या भरलेल्या. उद्या सकाळी सातची, मेरिदाला बदलून, शेवटची सीट मिळाली.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "परतीचं तिकीट किती जणांचं?" मी म्हटलं ते तिथे गेल्यावर ठरेल. "मग आत्ता नको," म्हणाली आणि पुढच्याला बोलावलं.

काय बोलायचं ते लिहून काढावं म्हणून दुपारी बसलो. चार ओळी लिहिल्या. वाचल्यावर त्या कचेरीच्या पत्रासारख्या वाटल्या. ते पान फाडलं. तिला आधी बोलू द्यायचं, एवढंच ठरवलं आहे. ती दार उघडेल की नाही माहीत नाही. तिचा मुलगा उघडेल. मग मी तिथे बसेन.

पांढरा सदरा कपाटात चुरगळून पडला होता. इस्त्री कुठे ठेवलेली असते ते शोधायला वेळ लागला, वरच्या फळीवर चादरींच्या मागे होती. टेबलावर टॉवेल घातला, पाणी शिंपडलं. बाह्या ठीक झाल्या. कॉलर नीट होईना. दुसऱ्यांदा पाणी शिंपडून पुन्हा केली.